मेरी स्लेसर: दीक्षा नसलेल्या सेविकेने कॅलाबारमध्ये रोज काय केलं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, स्त्रियांच्या मेळाव्यात स्कॉटिश मिशनरी मेरी स्लेसरवर बोलायचं आहे, पण वाचायला मिळालं त्यात ‘जुळ्या मुलांना वाचवणारी धाडसी बाई’ यापलीकडे फारसं काही नाही. ती दीक्षित पाळक नव्हती, डॉक्टर नव्हती, शिक्षिका म्हणूनही तिची मोठी तयारी झालेली नव्हती. मग आफ्रिकेत 38 वर्षं रोज सकाळी उठून ती नेमकं काय करत होती? आणि शेवटी ती इंग्रज सरकारच्या कोर्टात न्याय द्यायला बसली, ते बायकांना कसं सांगायचं?

माझं आयुष्य मंडळीच्या समाजसेवेत गेलं, त्यातही टाकलेली मुलं आणि घराबाहेर काढलेल्या बायका यांच्या कामात. बरोबरीने मंडळीचा इतिहासही शिकवत आले. त्यामुळे मेरीचं चरित्र मी जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचते. तिच्या धाडसाचं मला कौतुक आहेच, पण माझी नजर खिळते ती तिच्या पद्धतीवर. एखादी क्रूर चाल मोडायची, तर ती चाल लोकांची कुठली गरज भागवते हे तिने आधी पाहिलं आणि त्या गरजेला दुसरी वाट काढून दिली. माझ्या मते तिच्या सगळ्या सेवेचं मर्म इथे आहे, आणि भाषणही याच सूत्रावर बांधावं.

तिचा जन्म 2 डिसेंबर 1848 चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा. वडील चांभारकाम करायचे आणि दारूच्या आहारी गेलेले होते. आई विणकर, मंडळीला धरून राहणारी. कामाच्या शोधात कुटुंब डंडीला आलं आणि अकराव्या वर्षी मेरी बॅक्स्टर ब्रदर्सच्या गिरणीत अर्धवेळ लागली. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस गिरणीच्या शाळेत, अशी तेव्हा मुलांची रीत होती. चौदाव्या वर्षापर्यंत ती पूर्णवेळ मागावर उभी राहिली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मागावर पुस्तक टेकवून ती वाचायची. शनिवारी रात्री वडील पिऊन आले की आई-मुलींची काय अवस्था व्हायची, हे चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. मुलगी घराबाहेर रस्त्यावर रडत उभी, आणि उद्या मंडळीत कुणाला कळू नये म्हणून घरात सगळं दाबून ठेवलेलं. हा भाग भाषणात गाळू नका. पुढे नवऱ्याच्या किंवा मालकाच्या हाताखाली दबलेल्या बाईची बाजू तिला एका क्षणात कळायची, त्याचं मूळ या घरात आहे.

तिची मंडळी युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चची. प्रेस्बिटेरियन व्यवस्था तुम्हाला ठाऊक आहेच: बिशप नाही, निवडून दिलेले वडील आणि दीक्षित पाळक मिळून कारभार बघतात, आणि स्थानिक मंडळीच्या वर प्रेसबिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची सभा, असते. या चर्चची मोठी आस्था होती कॅलाबारच्या मिशनवर. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, क्रॉस नदीच्या मुखाजवळ, होप वॉडेल हे पाळक 1846 मध्ये जमैकाहून काही गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसांना बरोबर घेऊन पोहोचले होते. त्या मिशनच्या बातम्या मंडळीच्या मासिकातून घरी यायच्या आणि आई त्या मुलांना वाचून दाखवायची.

डंडीच्या गरीब वस्तीत मेरी संडे स्कूल घ्यायची. टारगट पोरांच्या एका टोळीने तिला अडवलं. दोरीला शिशाचा गोळा बांधून एकजण तो तिच्या तोंडासमोर फिरवत जवळ जवळ आणत होता. ती जागची हलली नाही. शेवटी पोरांनी गोळा टाकला आणि तिच्या सभेला येऊन बसली. हा किस्सा सगळे सांगतात, तुम्हीही सांगा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. आफ्रिकेतले प्रसिद्ध मिशनरी लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूची बातमी 1874 मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली, त्यानंतर तिने मिशन बोर्डाकडे अर्ज केला. एडिंबरामध्ये थोडी तयारी करून 5 ऑगस्ट 1876 रोजी ती लिव्हरपूलहून ‘इथिओपिया’ या जहाजाने निघाली. वय 27.

पहिली बारा वर्षं ड्यूक टाउन, ओल्ड टाउन, क्रीक टाउन या किनाऱ्याजवळच्या ठाण्यांवर गेली. तिथली एफिक भाषा ती इतकी सहज बोलू लागली की स्थानिक लोकांनाही नवल वाटायचं. मलेरियाने दोनदा मायदेशी परतावं लागलं. 1883 मध्ये ती परतली तेव्हा वाचवलेल्या जुळ्यांपैकी एक मुलगी, जेनी, तिच्या कडेवर होती. ओल्ड टाउनला एकटी राहायला लागल्यावर ती गोऱ्यांचं डबाबंद अन्न सोडून स्थानिक जेवणावर आली. पुढे याचं वर्णन ‘लोकांशी एकरूप झालेली मिशनरी’ असं होतं. ते खरंच आहे, पण सुरुवातीचं कारण साधं होतं: पगारातला मोठा भाग तिला डंडीला आईकडे पाठवायचा होता. घर चालवणाऱ्या मुलीचा तो हिशोब होता. 1885-86 मध्ये आई आणि बहीण दोघी गेल्या, आणि मायदेशी पैसे पाठवावेत असं घर उरलं नाही. त्यानंतर तिने किनाऱ्यापासून आत, ओकोयाँग या भागात जायची परवानगी जोर लावून मागितली.

ऑगस्ट 1888 मध्ये ती ओकोयाँगला गेली. क्रीक टाउनचे राजे एयो यांनी आपली होडी दिली. किनाऱ्याच्या लोकांना ओकोयाँगची भीती होती. तिथे व्यापार चालायचा तो मुख्यतः बंदुका, दारू आणि साखळदंडांचा. एकेंगे गावचा मुखिया एडेम याने तिला जागा दिली. पण तिची खरी आधारवड ठरली एडेमची विधवा बहीण मा एमे. गावात कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर ती उघडपणे काही बोलू शकत नव्हती. मग दोघींनी एक खूण ठरवली. मा एमेकडून औषधाची रिकामी बाटली आली, की मेरीने समजायचं, ताबडतोब निघायचं आहे. कित्येक माणसांचे जीव त्या बाटलीने वाचवले. मा एमे शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही, आणि मेरीला त्याचं दुःख राहिलं. तरी तिच्याइतका विश्वास मेरीने फार थोड्या लोकांवर टाकला. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकीला अशी एक मा एमे लागतेच. माझ्या कामात मला त्या भेटल्या आणि त्यांच्याशिवाय माझ्या हातून काहीही झालं नसतं.

आता तो प्रसंग, जो मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगते. एडेमचा मुलगा एटिम लग्नासाठी नवं घर बांधत होता. लाकडाचा ओंडका मानेवर आदळला आणि तो लुळा पडला. मेरीने सुमारे दोन आठवडे त्याची शुश्रूषा केली, पण तो वाचला नाही. मोठ्या घरचा तरुण मुलगा असा अकस्मात मेला, की कुणीतरी करणी केली असणार, अशी समजूत होती. मांत्रिकाने शेजारच्या एका गावाकडे बोट दाखवलं आणि तिथली डझनभर माणसं पकडून साखळ्यांनी बांधली गेली. त्यांना विषाची परीक्षा द्यावी लागणार होती, म्हणजे एसेरे नावाची शेंगेची बी पाण्यात वाटून प्यायची. मरेल तो दोषी, वाचेल तो निर्दोष.

मेरीने तिथे प्रवचन दिलं नाही. तिने मुलाचा अंत्यविधी आपल्या हातात घेतला. स्कॉटलंडच्या मंडळ्यांनी पाठवलेल्या पेट्या उघडल्या आणि त्यातला उत्तमातला उत्तम कपडा काढला. प्रेताला सूट चढवला, अंगाभोवती रेशीम गुंडाळलं, डोक्याला फेटा बांधला, वर पिसं खोवली. मग त्याला छत्रीखाली खुर्चीत बसवलं आणि समोर मोठा आरसा ठेवला, म्हणजे त्याला आपला थाट दिसावा. लोक आत येऊन ते पाहून हरखून गेले. एवढा मान त्या प्रदेशात कुठल्या मेलेल्याला मिळाला नव्हता. बापाची तडफड एकाच गोष्टीसाठी होती: माझा मुलगा क्षुल्लक माणसासारखा मातीत जाऊ नये. माणसं मारली की मेलेल्याचा मान वाढतो, हा त्या चालीमागचा हिशोब होता. मेरीने तो मान दुसऱ्या वाटेने मिळवून दिला.

पण कैदी सुटले नव्हते. दिवस-रात्र आळीपाळीने पहारा देणं सुरू झालं. तिच्या मदतीला मिशनचा सुतार चार्ल्स ओव्हन्स होता. कॅलाबारहून मिशनरी मंडळी मॅजिक लँटर्न, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवणारा दिवा, घेऊन आली आणि त्यांनी चित्रं दाखवून लोकांची मनं वळवली. एडेम चिडायचा, धमक्या द्यायचा. मा एमे आतून समजूत घालायची. एक एक करत सगळे सुटले. शेवटी थडग्यात एका गाईचा बळी गेला, माणूस एकही नाही. मुखियाच्या घरी मृत्यू झाला आणि कुणाला मारलं नाही, असं तिथे याआधी झालं नव्हतं. हा प्रसंग सांगताना कपडे आणि आरसा गाळू नका. एरवी बायकांच्या मनात एवढंच राहील की गोऱ्या बाईने दरडावलं आणि लोक घाबरले. तसं झालेलं नाही.

त्या शेंगेबद्दल थोडं विषयांतर करते, कारण श्रोत्यांमध्ये एखादी परिचारिका असेल तर तिला हे आवडेल. एसेरे म्हणजे कॅलाबार बीन. एडिंबराचे वैद्य रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी 1855 मध्ये ती स्वतः थोडी खाऊन परिणाम नोंदवले आणि ते बरेच आजारी पडले. 1864 मध्ये तिच्यातून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं, पुढे ते काचबिंदूवर वापरात आलं. 1934 मध्ये लंडनमध्ये मेरी वॉकर या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजारावर ते गुणकारी ठरतं हे दाखवून दिलं. विषाच्या परीक्षेत जो निःशंकपणे घटाघट पितो त्याला उलटी होऊन तो वाचतो, आणि जो घाबरत घोट घोट घेतो त्याला विष भिनतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे परीक्षा खरी वाटावी असं त्यात काहीतरी होतं. लोक मूर्ख होते म्हणून ती चाल टिकली, असं कृपा करून सांगू नका.

जुळ्यांचंही तसंच. जुळ्यांपैकी एक मूल दुष्ट आत्म्याचं असतं, पण कुठलं ते ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही मारायची किंवा मडक्यात घालून रानात टाकायची, आणि आईला गावाबाहेर हाकलायचं, ही रीत होती. भीती खरीखुरी होती, आई स्वतःही घाबरलेली असायची. मूल उचलून आणणं हा कामाचा सोपा भाग आहे, हे मी अनुभवाने सांगते. त्यानंतरचं अवघड. आईला ठेवायचं कुठे? दूध कुठून आणायचं? रात्री पाच तान्ही एकदम रडली तर? मेरी मुलांना छोट्या झोळ्यांमध्ये निजवायची. प्रत्येक झोळीला दोरी बांधलेली असायची, आणि तिच्या टोकाशी मेरी अंथरुणात पडून जी रडेल ती झोळी ओढायची. दिवसभर तंटे सोडवायचे, घर लिंपायचं, शाळा घ्यायची, आणि रात्री या दोऱ्या.

इये नावाच्या एका गुलाम बाईला जुळं झालं. लोकांनी तिची भांडीकुंडी फोडली, मुलांना एका खोक्यात कोंबलं आणि ते तिच्या डोक्यावर देऊन तिला हाकललं. मेरीने वाटेतच तिला गाठलं आणि खोकं स्वतः घेतलं. पण गावाच्या नेहमीच्या वाटेने जुळ्यांची आई गेली, तर ती वाट कायमची बाटेल आणि कुणी तिच्यावरून चालणार नाही. मेरीने इथे हट्ट धरला नाही. रान तोडून मिशनच्या घरापर्यंत नवी वाट होईपर्यंत ती खोक्यासह थांबून राहिली, मग त्या वाटेने दोघी घरी गेल्या. मुलगा गेलेलाच होता. मुलगी जगली, तिचं नाव सूझी ठेवलं. पुढे गावातले लोकच येऊन त्या गोड पोरीला खेळवू लागले, आणि भीती हळूहळू ओसरत गेली. सूझी सव्वा वर्षाचीही झाली नव्हती, उकळत्या पाण्याने भाजून ती गेली. मेरीच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दुःखांपैकी ते एक. इयेला मात्र तिने मालकिणीकडून सोडवून घेतलं.

वाटेच्या बाबतीत माघार, मुलांच्या बाबतीत तसूभरही नाही. कुठे वाकायचं आणि कुठे ताठ उभं राहायचं याची तिची ही समज मला तिच्या धाडसाहून मोठी वाटते.

सगळं श्रेय मात्र एकट्या मेरीला देऊ नका. कॅलाबारच्या मुखियांच्या एक्पे मंडळाने अंत्यविधीतल्या नरबळीवर बंदी घालणारा कायदा 1850 मध्येच केला होता. मेरी तेव्हा पाळण्यात होती. जुळ्यांच्या हत्येवर बंदी घालणारा करार ब्रिटिश कॉन्सल हॉपकिन्स यांनी 1878 मध्ये तिथल्या प्रमुखांशी केला. कागदावर गोष्टी आल्या होत्या. पण नदीच्या वरच्या अंगाला, ओकोयाँगसारख्या भागात, तो कागद पाळायला लावणारं कुणी नव्हतं, आणि धाकाने पाळायला लावला असता तर लोकांनी मुलं आणखी लपवून टाकली असती. कायदा आणि घर यांच्यामधलं अंतर तिने भरून काढलं. समाजकार्यात असलेल्या कुणालाही हे अंतर ओळखीचं असेल.

व्यापाराचंही असंच. पुरुषांना हाताला काम नाही, म्हणून दारू आणि भांडणं, हे तिने पाहिलं. ओकोयाँगचे मुखिये आणि किनाऱ्यावरचे व्यापारी यांच्यात जुनं वैर होतं. तिने मुखियांना पाम तेल आणि याम कंद घेऊन होडीतून क्रीक टाउनला नेलं, राजे एयोंशी गाठ घालून दिली. शस्त्रं बरोबर नेऊ दिली नाहीत. हातांना काम मिळालं आणि मारामाऱ्या कमी झाल्या. 1895 मध्ये कॅलाबारला होप वॉडेल ट्रेनिंग इन्स्टिट्यूशन सुरू झाली. तरुणांना सुतारकामासारखे उद्योग शिकवावेत असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये मेरी होती. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नामदी अझिकिवे हे पुढे त्याच शाळेत काही काळ शिकले.

आता दीक्षेचा मुद्दा. तिच्या काळात प्रेस्बिटेरियन मंडळीत स्त्रीला हस्तार्पण, म्हणजे पाळकपदाची दीक्षा, नव्हतं. ती उपदेश करायची, उपासना चालवायची, मेलेल्यांना पुरायची, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देणं तिच्या हाती नव्हतं. 1888 पासून ज्या लोकांमध्ये ती राहिली, त्यांच्यासाठी पहिलं प्रभुभोजन 1903 मध्ये झालं, आणि ते द्यायला दीक्षित पाळक बाहेरून यावा लागला. पंधरा वर्षं पेरणी तिची, आणि भाकर मोडायला दुसरा. याबद्दल तिने तक्रारीचा सूर लावला असं दिसत नाही. मला मात्र ते खुपतं, आणि खुपतं असं मी वर्गात स्पष्ट सांगते. चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा द्यायचा निर्णय 1968 मध्ये घेतला, आणि 1969 मध्ये कॅथरीन मॅकॉनाकी या पहिल्या स्त्रीला दीक्षा देणारी प्रेसबिटरी होती अ‍ॅबरडीनची, म्हणजे मेरीच्या जन्मगावाची.

मिशन बोर्डाने तिला आयुष्यभर पैसा, परवानगी आणि आधार दिला. त्याच बोर्डाने तिचं लग्नही होऊ दिलं नाही. ड्यूक टाउनला चार्ल्स मॉरिसन नावाचा तरुण शिक्षक होता, तिच्याहून 18 वर्षांनी लहान. दोघांचं ठरलं. तिची अट एकच होती, त्याने ओकोयाँगला यावं. बोर्डाने त्याची बदली नाकारली. त्याची प्रकृतीही ढासळली आणि त्याला परत पाठवलं. तिने ओकोयाँग सोडलं नाही. या प्रसंगाला प्रेमकथेचा रंग चढवू नये, पण तो झाकूही नये. सेविकेलाही मन असतं, हे आपल्या बायकांच्या मेळाव्यात कुणीतरी सांगायला हवं.

तुमचा अवघड प्रश्न कोर्टाचा. 1892 मध्ये सर क्लॉड मॅकडॉनल्ड यांनी तिला ओकोयाँगची व्हाइस-कॉन्सल, म्हणजे सरकारची तिथली प्रतिनिधी, नेमलं. अशा पदावर बसलेली ती ब्रिटिश साम्राज्यातली पहिली स्त्री मानली जाते. 1905 मध्ये ती इकोट ओबोंगच्या नेटिव्ह कोर्टाची (स्थानिक लोकांचे दावे ऐकणाऱ्या सरकारी कोर्टाची) उपाध्यक्ष झाली आणि 1909 पर्यंत तिने ते काम पाहिलं. ती सत्तेची माणूस होती का? होती. 1901-02 मध्ये इंग्रजांनी अरोचुकूवर सैन्य पाठवून तो प्रदेश बळाने घेतला, आणि त्यानंतर उघडलेल्या वाटेनेच ती इटू या गावाकडे सरकली. हे नाकारण्यात अर्थ नाही. न्यायासनावर बसून ती कधी एखाद्या मुखियाला छत्रीने फटका द्यायची, हेही चरित्रकार कौतुकाने लिहितात. मला त्यात कौतुक वाटत नाही. प्रौढ माणसाला त्याच्याच लोकांसमोर मारायचा हक्क तिला तिच्या कातडीच्या रंगामुळे आणि मागे उभ्या असलेल्या सरकारमुळे मिळत होता.

पण कोर्टात ती काय करत होती तेही पाहा. टाकलेल्या बायका, विधवा, कर्जापोटी गहाण पडलेल्या मुली यांचे दावे ती एफिकमध्ये, दुभाष्याशिवाय ऐकायची. बाजू मांडायला बाईला पुरुषाची गरज पडत नसे. किनाऱ्यावरून सरसकट हुकूम काढण्यापेक्षा गावच्या रीतीने निवाडा व्हावा यासाठी ती अधिकाऱ्यांशी भांडायची. तिच्याऐवजी तिथे गणवेशातला एखादा तरुण अधिकारी बसला असता, तर त्या बायकांना काय मिळालं असतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे असं मी म्हणेन. दोन्ही गोष्टी सांगा. श्रोत्यांना संत नको असते, खरी बाई हवी असते.

शेवटच्या वर्षांत ती उसे या गावी राहिली आणि तिथे निराधार बायकांची वस्ती वसवायला लागली: शेती करावी, स्वतःचं पोट स्वतः भरावं, कुणाची मालमत्ता होऊन राहू नये. पायात बूट नाही, डोक्यावर टोपी नाही, मच्छरदाणी नाही, पाणी उकळून गाळून घेणं नाही, अशी तिची राहणी होती. अनेक पुस्तकांत याची आरती ओवाळलेली आहे. मी याविरुद्ध आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला दाखवून दिलं. त्यानंतरही ती तशीच राहिली आणि वर्षानुवर्षं तापाने मोडत गेली. सेविकेने आपलं शरीर झिजवलंच पाहिजे, या समजुतीने आपल्या मंडळ्यांमधल्या कितीतरी चांगल्या बायका अकाली संपल्या. तुमच्या बोलण्यातून ती समजूत आणखी पक्की होऊ देऊ नका.

13 जानेवारी 1915 रोजी उसेला ती वारली. पार्थिव नदीमार्गाने ड्यूक टाउनला आणलं, सरकारी इतमामाने दफन झालं. 1997 मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेने तिचं चित्र 10 पौंडांच्या नोटेवर छापलं.

भाषणाला अर्धा तास असेल, तर डंडीचं घर पाच मिनिटांत आटपा. एटिमच्या अंत्यविधीला दहा मिनिटं द्या आणि तो नीट, तपशिलाने सांगा. मग इये आणि नवी वाट. दीक्षेचा आणि कोर्टाचा मुद्दा शेवटी घ्या आणि दोन्हींवर बायकांना बोलू द्या. मान्यवरांची नावं आणि सन्मान वगळले तरी चालतील. मा एमेचं नाव मात्र घ्या. मुलांसमोर बोलायचं झालं तर मडक्यांचा तपशील टाळा आणि दोऱ्या बांधलेल्या झोळ्यांपासून सुरुवात करा. मुलं तिथून स्वतःच प्रश्न विचारत पुढे जातात.